उचल यंत्रांमधील विस्थापन संवेदक : वर्धा जिल्ह्यातील उद्योगांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

वर्ध्याहून देवळीच्या किंवा हिंगणघाटच्या रस्त्याने जाताना एखादे पिवळे यंत्र आपला लांब बाहू पुढे काढून, त्याला टांगलेला लोखंडी पाइप किंवा विजेची मोटार झुलवत संथपणे चाललेले हमखास दिसते. कारखान्यांत आणि बांधकामांवर या यंत्राला सरसकट 'हायड्रा' असे म्हणतात. जिनिंग-प्रेसिंग कारखान्यातील प्रेसचा जड सिलिंडर दुरुस्तीसाठी बाहेर काढणे, सूतगिरणीत नवे यंत्र उतरविणे, शेतातल्या विजेच्या खांबापासून पुलाच्या सळयांपर्यंत काहीही उचलणे, ही सर्व कामे जिल्ह्यात हेच यंत्र करते. समृद्धी महामार्ग जिल्ह्याच्या सेलू, वर्धा व आर्वी या तालुक्यांतून गेला. त्याच्या बांधकामाच्या काळात हायड्राखेरीज मोठ्या फिरत्या क्रेन व पुलाचे गर्डर बसविणारी यंत्रेही येथील लोकांच्या नजरेस पडली.

पदवीच्या वर्गात "क्रेन का उलटते?" असा प्रश्न विचारला, तर बहुतेक विद्यार्थी "वजन जास्त झाले म्हणून" असे उत्तर देतात. हे उत्तर चूक नाही. पण ते अर्धेच आहे. जे वजन यंत्राने सकाळी सहज उचलले, तेच वजन दुपारी, त्याच जागी, त्याच चालकाच्या हाती यंत्राला उलटवू शकते. दरम्यान वजनात काहीही बदल झालेला नसतो. बदललेले असते ते अंतर. वजनाचा अंदाज अनुभवी माणसाला येतो, परंतु केबिनमध्ये बसून, वर तिरप्या गेलेल्या बाहूकडे पाहून आकड्याचे आडवे अंतर ओळखणे मानवी डोळ्याला जमत नाही. हे काम विस्थापन संवेदकाकडे सोपविलेले असते.

प्रस्तुत लेखात विस्थापन संवेदकांच्या प्रमुख प्रकारांचा थोडक्यात परिचय करून देऊन, उचल यंत्रांवर ते नेमके काय मोजतात आणि बिघडल्यावर कोणत्या दिशेने चुकतात, याचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे. दुसऱ्या मुद्द्याला येथे अधिक जागा दिली आहे. कारण पाठ्यपुस्तकांत संवेदकाची अचूकता शिकविली जाते, त्याच्या चुकीची दिशा मात्र क्वचितच शिकविली जाते. हे नियतकालिक सर्व विद्याशाखांच्या प्राध्यापकांचे असल्याने गणित शालेय त्रिकोणमितीच्या पलीकडे जाणार नाही, अशी काळजी घेतली आहे.

अंतर आणि परिबल

यंत्राला उलटविणारी राशी म्हणजे परिबल, अर्थात भार आणि आधाररेषेपासून त्या भाराचे आडवे अंतर यांचा गुणाकार. हायड्रासारख्या यंत्रात पुढच्या चाकांचा आस ही आधाररेषा असते. समजा, बूमचे बूड या आसाच्या १.५ मीटर मागे आहे, बूमची लांबी १० मीटर असून ती जमिनीशी ४५ अंशांचा कोन करते आहे. बुडापासून टोकाचे आडवे अंतर ७.०७ मीटर आणि आसापासून ५.५७ मीटर झाले. हूकला ३ टनांचा भार असेल, तर उलटविणारे परिबल सुमारे १६.७ टन-मीटर होते. आता चालकाने भार थोडा पुढे ठेवण्यासाठी बूम केवळ २ मीटर बाहेर काढली. कोन तोच, भार तोच. आसापासूनचे अंतर ६.९८ मीटर झाले आणि परिबल २०.९ टन-मीटरच्या पुढे गेले. लांबी २० टक्क्यांनी वाढली, परिबल मात्र २५ टक्क्यांनी. आसाच्या मागे असलेला दीड मीटर हा वजावटीचा भाग दोन्ही वेळा सारखाच राहतो, म्हणून असे होते. चालकाच्या हाताला हा फरक जाणवत नाही, कारण तरफ ओढायला तेवढेच बळ लागते.

म्हणूनच फिरत्या क्रेनसोबत एक भारतक्ता दिलेला असतो. अमुक लांबी व अमुक त्रिज्या असता जास्तीत जास्त एवढा भार, असे त्यात लिहिलेले असते. यंत्रावरील भारदर्शक, ज्याला चालक 'एलएमआय' किंवा 'एसएलआय' म्हणतात, तो हाच तक्ता आपल्या स्मृतीत बाळगतो. बूमची लांबी, तिचा कोन आणि भार ही तीन मापे संवेदकांकडून घेऊन तो क्षणोक्षणी तक्त्याशी ताडून पाहतो. मर्यादा जवळ आली की घंटा वाजते. मर्यादा ओलांडली की धोका वाढविणाऱ्या हालचाली बंद होतात, धोका कमी करणाऱ्या मात्र चालू राहतात. तिन्हींपैकी दोन मापे विस्थापनाची आहेत, एक सरळ रेषेतील आणि दुसरे कोनीय, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

विस्थापन मोजण्याच्या रीती

आपल्या प्रयोगशाळांत सर्वांत परिचित असलेला संवेदक म्हणजे रेषीय परिवर्ती विभेदी रोहित्र, म्हणजेच एलव्हीडीटी. एका पोकळ नळीवर मध्यभागी एक प्राथमिक कुंडल आणि दोन्ही बाजूंस दोन दुय्यम कुंडले असतात. दुय्यम कुंडले एकमेकांविरुद्ध जोडलेली असतात. नळीत लोखंडमिश्रित गाभा सरकतो. गाभा बरोबर मध्यभागी असताना दोन्ही कुंडलांतील विद्युतदाब एकमेकांना खोडून काढतात व निर्गम शून्य येते. गाभा एका बाजूस सरकला की निर्गम वाढते, दुसऱ्या बाजूस सरकला तरी वाढते, परंतु त्याची कला उलटते. या कलेवरून दिशा कळते. गाभा नळीला कोठेही घासत नसल्याने झीज जवळजवळ नाही. याची मोजमर्यादा बहुधा काही मिलिमीटरांपासून काहीशे मिलिमीटरांपर्यंत असते; त्यामुळे बूमची लांबी मोजण्यास तो निरुपयोगी आहे. हायड्रॉलिक झडपेची सूक्ष्म हालचाल, टर्बाइनच्या वाफेच्या झडपेची उघड, पोलाद कारखान्यातील रोलरांमधील फट, ही त्याची खरी क्षेत्रे होत. वर्ध्याजवळ भूगाव येथे पोलाद कारखाना असल्याने रोलरांचे उदाहरण आपल्या विद्यार्थ्यांना परके वाटू नये.

लांब अंतरासाठी तार-संवेदक वापरला जातो. त्याची रचना शिंप्याच्या गुंडाळणाऱ्या मोजपट्टीसारखी असते. स्प्रिंगने ताणून धरलेल्या रिळावर बारीक पोलादी तार गुंडाळलेली असते, तारेचे टोक बूमच्या शेवटच्या भागाला जोडलेले असते, आणि रीळ किती फिरले हे विभवमापक किंवा कूटक मोजतो. साधी, स्वस्त व दुरुस्त करता येणारी अशी ही रचना आहे. बहुसंख्य फिरत्या क्रेनवर बूमच्या कडेने धावणारी जी बारीक तार दिसते, ती हीच.

तिसरा प्रकार चुंबकीय विरूपणावर आधारलेला आहे. चुंबकीय क्षेत्रात लोखंडाची लांबी अत्यल्प बदलते, हा शोध जेम्स ज्यूल यांनी १८४० च्या दशकात लावला. संवेदकातील विशिष्ट धातूच्या तारेतून विजेचा स्पंद सोडला जातो. पिस्टनवर बसविलेल्या कडी-चुंबकापाशी त्यामुळे तारेला सूक्ष्म पीळ बसतो व तो पीळ ध्वनितरंगासारखा, सेकंदाला सुमारे २८०० मीटर वेगाने, टोकाकडे धावत येतो. तरंग यायला लागलेला वेळ मोजला की अंतर मिळते. एक मीटर अंतरासाठी हा वेळ जेमतेम ३५० मायक्रोसेकंद असतो. हा संवेदक सिलिंडरच्या आत, तेलात बुडून राहतो. धूळ, पाणी, कापसाचा तंतू यांपैकी काहीच त्याच्यापर्यंत पोचत नाही. कोन मोजण्यासाठी पूर्वी तेलातला लंबक वापरीत. आता सिलिकॉनवर कोरलेले सूक्ष्म प्रवणतामापक वापरले जातात. त्यांचे वर्णन येथे करीत नाही.

एक अंश म्हणजे किती?

कोनमापकात एक अंशाची चूक असली तर काय बिघडले, असे वाटणे साहजिक आहे. बूम २० मीटर लांब व कोन ३० अंश असेल, तर बुडापासूनचे आडवे अंतर १७.३२ मीटर असते; एक अंशाच्या चुकीने त्यात १७ सेंटिमीटरांचा, म्हणजे जेमतेम एक टक्क्याचा फरक पडतो. तीच बूम ७५ अंशांवर उभी असेल, तर अंतर ५.१८ मीटर असते आणि एक अंशाच्या चुकीने ३४ सेंटिमीटरांचा, म्हणजे साडेसहा टक्क्यांचा फरक पडतो. सापेक्ष चूक कोनाच्या स्पर्शिकेच्या प्रमाणात वाढते. बूम जितकी उभी तितके यंत्र सुरक्षित, असा चालकांचा व आपलाही सर्वसाधारण समज असतो. उलटण्याच्या दृष्टीने तो खरा आहे, परंतु संवेदकाच्या दृष्टीने नेमक्या याच स्थितीत चूक सर्वांत महाग पडते. कारण जवळच्या त्रिज्येला तक्ता मोठे भार मान्य करतो.

भर म्हणजे बूम स्वतः वाकते. कोनमापक बुडाजवळ बसविलेला असल्यास तो बुडाचा कोन दाखवितो, आणि भाराने खाली झुकलेले टोक त्या कोनाने काढलेल्या अंतरापेक्षा थोडे पुढे गेलेले असते. चांगल्या यंत्रांत यासाठी दुरुस्ती-गुणक वापरतात किंवा टोकाशी दुसरा कोनमापक बसवितात. रिकाम्या हूकवर बरोबर ठरलेले यंत्र भरल्या हूकवर चुकू शकते ते यामुळेच.

बिघाडाची दिशा

काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातील एका आवारात विद्यार्थ्यांना घेऊन गेलो असता तेथे एक फिरती क्रेन काम करीत होती. केबिनमधील पडद्यावर बूमची लांबी दिसत होती. बूम बाहेर निघाली तरी तो आकडा हलेना. जवळ जाऊन पाहिले, तर तार-संवेदकाची तार तुटलेली होती आणि तिचे उरलेले टोक बूमच्या बुडालाच बांधकामाच्या तारेने घट्ट बांधून टाकले होते. चालकाला कारण विचारता तो म्हणाला, "तार तुटली की घंटा थांबतच नाही साहेब, आणि नवी तार यायला चार दिवस लागतात." त्याच्या दृष्टीने त्याने घंटा दुरुस्त केली होती. प्रत्यक्षात त्याने यंत्राला आपली बूम कायम आखूड असल्याचे सांगून ठेवले होते.

ही घटना बेपर्वाईचे उदाहरण म्हणून सांगणे सोपे आहे. परंतु शिक्षक म्हणून मला तिच्यात अधिक महत्त्वाची गोष्ट दिसते ती संवेदकाच्या रचनेतील. उद्योगांत संवेदकाचा संकेत बहुधा ४ ते २० मिलिअँपिअर या प्रवाहाच्या रूपात पाठवितात. शून्य विस्थापनाला शून्य प्रवाह न देता ४ मिलिअँपिअर देण्यामागे एक सुंदर युक्ती आहे. विजेची वाहिनी तुटली तर प्रवाह शून्य होतो. शून्य हा कोणत्याही खऱ्या मापाचा आकडा नसल्याने यंत्राला लगेच कळते की हा बिघाड आहे, माप नव्हे. वर्गात आपण ही युक्ती कौतुकाने शिकवितो. पण तार-संवेदकातील यांत्रिक तार तुटली तर? रिळाची स्प्रिंग तार क्षणात आत ओढून घेते, रीळ आरंभस्थानी जाते, आणि संकेत येतो बरोबर ४ मिलिअँपिअर. म्हणजे 'बूम पूर्ण मिटलेली आहे' असे एक निर्दोष, वैध आणि साफ खोटे माप. विजेच्या बिघाडासाठी योजलेली युक्ती यांत्रिक बिघाडाला पकडू शकत नाही. एवढेच नव्हे, तर हा बिघाड नेमका धोक्याच्या दिशेने बोलतो. आखूड बूम म्हणजे लहान त्रिज्या, आणि लहान त्रिज्या म्हणजे मोठ्या भाराची परवानगी.

वरील उदाहरणातील आकडे घेतले, तर १२ मीटरवर असलेली बूम यंत्राला १० मीटर भासल्यास ते २०.९ ऐवजी १६.७ टन-मीटर परिबल मानून चालेल. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. भार कशावरून मोजला जातो, यावर या चुकीचा परिणाम अवलंबून असतो. काही यंत्रे बूम उचलणाऱ्या सिलिंडरमधील तेलाच्या दाबावरून भार काढतात. दाब हा मुळातच परिबलाचे माप असल्याने, त्रिज्या लहान भासली तर भागाकाराने भार मोठा भासतो आणि चूक बरीचशी खोडली जाते. पूर्णपणे मात्र नाही, कारण बूमचे बूड आणि पुढचा आस एका रेषेत नसतात. ज्या यंत्रांत भार हूकच्या दोरावरील ताणावरून मोजतात, त्यांत असे काहीच खोडले जात नाही. तेथे त्रिज्येची चूक जशीच्या तशी निर्णयात उतरते. आम्ही पाहिलेले यंत्र या दुसऱ्या जातीचे होते.

यावर उपाय काय? एकाऐवजी दोन संवेदक, हे पहिले उत्तर सुचते. सुरक्षेसाठी बनविलेल्या अनेक तार-संवेदकांत एकाच रिळावर दोन विभवमापक असतात. एकाचे निर्गम वाढते तेव्हा दुसऱ्याचे घटते आणि दोहोंची बेरीज स्थिर राहिली पाहिजे, अशी योजना असते. विभवमापक झिजला, वाहिनी आखूड झाली, तर ही बेरीज बिघडते व दोष उघड होतो. परंतु दोन्ही विभवमापक ज्या तारेने फिरतात ती तार एकच आहे. ती तुटली की दोघेही एकमताने खोटे बोलतात. दोन साक्षीदार एकाच माणसाचे ऐकून साक्ष देत असतील, तर त्यांना दोन म्हणता येत नाही. म्हणून दुसरी साक्ष वेगळ्या तत्त्वावरची हवी. बूम पूर्ण मिटल्यावरच दाबला जाणारा एक साधा लिमिट स्विच हे काम करतो. तार म्हणते 'मिटलेली' आणि स्विच म्हणतो 'नाही', एवढ्या विसंगतीवरून दोष पकडता येतो. नियंत्रकाच्या आज्ञावलीतही दोन तपासण्या घालता येतात. बूमची लांबी क्षणार्धात पाच मीटरने घटली असे माप आले, तर ते अशक्य आहे, कारण कोणतीही बूम तेवढ्या वेगाने मिटत नाही. तसेच बूम बाहेर काढण्याची तरफ ओढलेली असताना लांबीचा आकडा जागचा हलत नसेल, तर तेही अशक्य आहे. बांधून ठेवलेली तार दुसऱ्या तपासणीत सापडते. पहिलीत सापडत नाही.

ओढणाऱ्यावर नव्हे, ओढल्या जाणाऱ्यावर

हाच प्रश्न वेगळ्या रूपात जिल्ह्यातील धरणांवर उभा राहतो. आर्वी तालुक्यात धनोडी येथे निम्न वर्धा प्रकल्पाच्या धरणाला ३१ दरवाजे आहेत. पावसाळ्यात अमुक दरवाजे अमुक सेंटिमीटरने उघडल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. त्या सेंटिमीटरच्या आकड्यावर खालच्या गावांना दिला जाणारा इशारा अवलंबून असतो. दरवाज्याखालून होणारा विसर्ग उघडीच्या क्षेत्रफळाच्या आणि पाण्याच्या खोलीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. समजा खोली ८ मीटर व विसर्ग-गुणांक ०.६ आहे, तर उघडीच्या मापात ५ सेंटिमीटरची चूक म्हणजे दरवाज्याच्या दर मीटर रुंदीमागे सेकंदाला सुमारे ३७५ लिटर पाण्याची चूक होय.

धरणांच्या वक्राकार दरवाज्यांना वर ओढणारे यंत्र बहुधा दोर व ढोलाचे असते, आणि ढोल किती फिरला यावरून उघड मोजणे सर्वांत सोयीचे असते. पण असा दरवाजा खाली येतो तो स्वतःच्या वजनाने. त्याखाली ओंडका अडकला, तर दरवाजा मध्येच थांबतो, दोर सैल पडतो, ढोल मात्र फिरत राहतो आणि मापक 'बंद' असे दाखवितो. दरवाज्याच्या भुजेवर थेट प्रवणतामापक बसविला, तर तो ढोलाचे नव्हे, दरवाज्याचे म्हणणे सांगतो. दोर सैल झाल्याचे ओळखणारा स्विच ही येथील दुसरी, स्वतंत्र साक्ष. शिवाय भुजेचा कोन व उभी उघड यांचे नाते सरळ प्रमाणाचे नसल्याने प्रत्येक दरवाज्यासाठी अंशशोधनाचा स्वतंत्र तक्ता करावा लागतो. हे काम उन्हाळ्यात, धरणातील पाणी उतरलेले असताना उरकणे शहाणपणाचे.

रुईची गाठ

उचल यंत्रांपासून थोडे दूर, पण वर्धा जिल्ह्याच्या अगदी जवळचे उदाहरण म्हणजे रुईची गाठ बांधणारा हायड्रॉलिक प्रेस. फेब्रुवारी २००० मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या कापूस तंत्रज्ञान अभियानाच्या चौथ्या उपअभियानात जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचे आधुनिकीकरण हाती घेण्यात आले, आणि त्यानंतर विदर्भातील अनेक कारखान्यांचे रूप पालटले. भारतातील रुईची प्रमाण गाठ १७० किलोग्रॅमची मानली जाते. प्रेसचा पिस्टन किती पुढे गेला आणि त्या क्षणी तेलाचा दाब किती आहे, ही दोन मापे एकत्र घेतली की पेटीतील रुई कमी आहे की जास्त, ओलसर आहे की कोरडी, याचा अंदाज गाठ बाहेर पडण्यापूर्वीच येतो. लिमिट स्विच केवळ 'पोचलो' एवढेच सांगतो; विस्थापन संवेदक सारा प्रवास सांगतो.

येथे संवेदकाची निवड मात्र जपून केली पाहिजे. जिनिंगच्या आवारात हवेत तंतू तरंगत असतो. तो तार-संवेदकाच्या रिळात गुंडाळला जातो, विभवमापकाच्या पट्टीवर बसतो आणि जेथे विद्युत स्पर्श-सरक आहे तेथे ठिणगीला इंधन पुरवितो. रुईला लागणारी आग हा आपल्या भागातील कारखानदारांच्या झोपेतलाही विषय आहे. त्यामुळे सिलिंडरच्या आत बसणारा, स्पर्शहीन संवेदक महाग असला तरी येथे योग्य ठरतो. वर्ध्याचा उन्हाळा हाही एक घटक आहे. पत्र्याच्या छपराखाली, तेलाच्या टाकीशेजारी तापमान किती चढते हे मे महिन्यात तेथे उभे राहिल्याशिवाय कळत नाही. पोलादी बूमची १० मीटर लांबी ३५ अंशांच्या तापमानवाढीने चार मिलिमीटरांनी वाढते, ही क्रेनच्या हिशेबात नगण्य बाब आहे. पण संवेदकातील इलेक्ट्रॉनिक मंडल तितके सहनशील नसते.

नियम, किल्ली आणि वारा

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २९ ने उचल यंत्रांची सक्षम व्यक्तीकडून किमान बारा महिन्यांतून एकदा सखोल तपासणी बंधनकारक केली होती. त्या अधिनियमाची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थितीविषयीची २०२० ची संहिता नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत, बूमच्या स्थितीनुसार ज्यांचा सुरक्षित भार बदलतो अशा क्रेनवर स्वयंचलित सुरक्षित-भारदर्शक असावा, अशी तरतूद करण्यात आली. म्हणजे कायद्याला अंतराचे महत्त्व केव्हाच कळले होते. अडचण अशी की तपासणी वर्षातून एकदा होते आणि तार एका पाळीत तुटते.

दुसरी अडचण बायपासच्या किल्लीची. दुरुस्तीसाठी वा आणीबाणीत मर्यादा तात्पुरती उठविण्याची सोय प्रत्येक यंत्रात ठेवावीच लागते. ही किल्ली केबिनमध्ये चालकाच्या हाताशी असली की ती हळूहळू रोजच्या वापरात येते. युरोपातील ईएन १३००० या मानकाच्या २०१० च्या आवृत्तीने ती केबिनच्या बाहेर नेली, ती यामुळेच. चालकाला खाली उतरून जावे लागावे, एवढाच त्यात हेतू आहे, आणि तो पुरेसा आहे असे मला वाटते.

संवेदकाला सर्व कळते, असा समजही नसावा. १४ जुलै १९९९ रोजी अमेरिकेतील मिलवॉकी येथे क्रीडागाराच्या छताचा ४०० टनांहून अधिक वजनाचा भाग उचलताना 'बिग ब्लू' नावाची अजस्र क्रेन कोसळली व ३ कामगार मृत्युमुखी पडले. तक्त्यात भाराचे वजन होते, पण त्या विस्तीर्ण भारावर वारा किती जोर करील, याचा हिशेब धरलेला नव्हता. लांबी, कोन आणि भार ही तिन्ही मापे बरोबर असूनही वाऱ्याचा जोर हे चौथे माप शिल्लक राहते.

आपल्या राज्यातील घटनाही विसरण्याजोगी नाही. नागपूर-शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, त्यात वर्धा जिल्हाही आला. त्याच महामार्गाच्या शेवटच्या टप्प्यात, ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात, सरळांबे येथे १ ऑगस्ट २०२३ च्या मध्यरात्रीनंतर गर्डर बसविणारे यंत्र कोसळून २० जणांचा मृत्यू झाला. असे यंत्र एका खांबावरून पुढच्या खांबाकडे स्वतःच सरकत जाते. त्याच्या प्रत्येक पायाचे स्थान, पायांतील उंचीचा फरक आणि तुळईचा कल ही सगळी विस्थापनाचीच मापे आहेत, आणि रात्रीच्या कामात ती डोळ्यांनी घेता येत नाहीत.

मोजपट्टीची चाचणी

आपल्या महाविद्यालयांत एलव्हीडीटीचा प्रयोग होतो. विद्यार्थी सूक्ष्ममापकाने गाभा सरकवितात, आलेख काढतात आणि सरळ रेषा आली की वही तपासली जाते. याच्या जोडीला, जवळच्या कारखानदाराच्या संमतीने व चालकाच्या उपस्थितीत, एक प्रयोग प्रत्यक्ष यंत्रावर करता येईल. त्यासाठी लागणारे साहित्य म्हणजे तीस मीटरची पोलादी मोजपट्टी, ओळंबा, पाणसळ आणि एक वही.

यंत्र सपाट जमिनीवर उभे करून पाणसळीने ते समपातळीत असल्याची खात्री करावी. भारतक्त्यात त्रिज्या कोठून मोजली आहे हे आधी वाचावे. फिरत्या मंचाच्या क्रेनमध्ये ती मंचाच्या मध्यापासून मोजतात, तर हायड्रात अन्य ठिकाणापासून मोजलेली असू शकते. बूमच्या तीन लांबी आणि प्रत्येक लांबीला तीन कोन अशा नऊ स्थिती घ्याव्यात. हूक रिकामा व स्थिर असताना ओळंब्याने त्याची जागा जमिनीवर खूण करून पट्टीने त्रिज्या मोजावी आणि पडद्यावरील त्रिज्या शेजारी लिहावी. तिसऱ्या रकान्यात फरक त्याच्या चिन्हासह लिहावा. फरकाच्या आकड्याइतकेच, किंबहुना अधिक, लक्ष चिन्हाकडे द्यावे. पडद्यावरील त्रिज्या पट्टीपेक्षा मोठी असेल, तर यंत्र उगाच घाबरट आहे, एवढेच. लहान असेल, तर ते दुरुस्त होईपर्यंत कामावर जाऊ नये. त्यानंतर सक्षम व्यक्तीच्या देखरेखीखाली, तक्त्यात बसणारा ज्ञात भार हूकला लावून दोन स्थितींत तीच मोजणी पुन्हा करावी, म्हणजे बूमच्या वाकण्याचा वाटा वेगळा दिसेल. मोजणीच्या वेळी टांगलेल्या भाराखाली कोणीही जाऊ नये; खूण भार उतरविल्यावर करावी.

या सर्वांच्या आधी, इंजिन बंद असताना, बूमच्या कडेची तार हाताने थोडी ओढून सोडून पाहावी. ती ताणाने परत गेली पाहिजे, आणि तिचे दुसरे टोक बूमच्या शेवटच्या भागालाच जोडलेले असले पाहिजे.